मानेतली गाठ आणि मधला जिना

“गाठीवर बोट ठेवलं, की निदान आपोआप बोलायला लागतं!” मोठ्या डॉक्टरांनी जाहीर केलं. बोट मानेच्या उजव्या बाजूला होतं. गाठ डावीकडे होती.

चित्रकलेच्या बाईंनी निमूटपणे मान वळवली. बोटाने बाजू बदलली, पण मत बदललं नाही. “कॅन्सर. तुकडा तपासायला पाठवू, रीत म्हणून. सोमवारी औषध सुरू.”

“पण रिपोर्ट?” बाईंच्या नवऱ्याने चाचरत विचारलं.

“रिपोर्ट माझ्याशी सहमत होईल.”

तुकडा तळघरात पॅथॉलॉजिस्टकडे गेला. सोबतच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी सगळी हकीकत लिहिली होती : ‘गाठ’. उत्तर आलं : ‘पेशी विचित्र आहेत. लक्षणांशी ताडून पाहावं.’

“ताडून मी पाहू? मग हा खाली काय पाहतोय?” डॉक्टर कडाडले. “जा, विचारा त्याला. हो की नाही?”

बाई खाली गेल्या. पॅथॉलॉजिस्टनी मायक्रोस्कोपमधून डोकं काढलं नाही. “त्यांना म्हणावं, आधी लक्षणं कळवा. मी काय ज्योतिषी आहे?”

“मग एक फोन करा ना!”

“गरज त्यांना आहे. त्यांनी करावा.”

“मी करू? मी सीनियर आहे!” वरून उत्तर आलं.

जिना चढून-उतरून बाईंना धाप लागली. डॉक्टरांनी तीही लक्षणांत जमा केली.

शनिवारी मात्र बाईंचा संयम सुटला. वर्गातल्या वांड पोराला आणावं तसं त्यांनी पॅथॉलॉजिस्टना बाहीला धरून वर आणलं. बिचाऱ्यांनी कैक वर्षांनी अख्खा पेशंट पाहिला.

“गाठ तुमची? एवढ्या तरुण? ताप येतो?”

“रोज संध्याकाळी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं यांना.”

“दाबलं की दुखतं?”

“आई गं!”

“अहो, मग हा किकुचीचा आजार असणार! दिसतो कॅन्सरसारखा, जातो आपला आपण. फार क्वचित सापडतो. थांबा, आणखी तपासण्या करतो.”

सोमवार टळला. पुढच्या आठवड्यात तपासण्यांनी किकुचीवर शिक्कामोर्तब केलं. नवरा तिथेच रडला. “मला शंका होतीच,” असं म्हणत मोठ्या डॉक्टरांनी पॅथॉलॉजिस्टना मिठी मारली.

“परिषदेत यावर पेपर वाचू! पहिलं नाव माझं.”

“का म्हणून? निदान खाली झालं!”

“पेशंट वर आला होता!”

पेपरसाठी गाठीचा फोटो काढायला दोघे वळले, तर उरलेली गाठ जवळजवळ विरली होती. दोघांनीही बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू बाईंनी ऐनवेळी दगा दिला.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “मानेचे टाके काढायचे राहिलेत. तेवढं कुणी बघेल का?”