बर्वे सरांची ताणलेली पट्टी

बर्वे सरांनी मला फसवलं. बाजारात भल्याभल्यांना जमलं नाही, ते केमिस्ट्रीच्या या रिटायर प्राध्यापकाने केलं.

द्वारका चौकाजवळ माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. वरच्या खोलीत सर एकटे राहायचे. रोज संध्याकाळी खाली येत, डबीतून पाण्यात फुगलेल्या जेलची पट्टी काढत आणि जुन्या पोलरॉइड गॉगलच्या दोन काचांमध्ये धरत. एक काच उभी, एक आडवी. मधे सगळं काळं. पट्टी ताणली की त्या काळ्यात रंग उमटायचे.

"आत रेणूंच्या लांब साखळ्या आहेत, शेठ. सैल असल्या की नुसता गुंता. ताणल्या की रांग लागते. रांग बघा, रांग."

चौकात ट्रॅफिक तुंबलं की म्हणायचे, "सैल जेल." लग्नात पंगत बसली की जेवायचं सोडून बघत राहायचे.

मी पाणी धरून ठेवणारे जेलचे दाणे विकतो. देवळ्याचा एक कांदेवाला पिशवी उचलणार, तेवढ्यात सरांनी विचारलं, "बोअरचं पाणी खारं आहे का? मग हे नीट फुगायचे नाहीत."

"लय बरं झालं सांगितलं, सर," म्हणून तो गेला.

मी भडकलो. "तुमची रांग वर नेऊन लावा. माझ्या गिऱ्हाइकांची मोडू नका."

"खरं तेच बोललो, शेठ."

दुसऱ्या संध्याकाळी सर पुन्हा हजर. मीही चहा सांगितला.

दिवाळीनंतर त्यांनी एक पट्टी ताणून चौकटीत अडकवली, पाण्याच्या बरणीत बुडवली आणि माझ्या काउंटरवर ठेवली. "ताण सोडल्यावर रांग टिकते का बघायचंय. आठवडाभर लेकीकडे पुण्याला जातो. पाणी आटू देऊ नका. आल्यावर दोघं मिळून सोडू."

महिने गेले. मी शिव्या घालत पाणी घालत राहिलो. मग त्यांची लेक खोली रिकामी करायला आली. सर कायमचे तिच्याकडे राहायला गेले होते, आणि निघतानाच त्यांना ते माहीत होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणाले, शेठ घासाघीस करतील आणि मी थांबेन. जिन्यात पडले होते हो ते. एकटं राहणं झेपत नव्हतं."

जिना माझ्या दुकानाला लागून आहे. मला पत्ताच लागला नाही.

फोन केला की सर पाण्याचं विचारतात आणि लगेच लेकीच्या हातात फोन देतात.

माझं गोदाम तळमजल्यावर आहे. मी ते रिकामं करून दिलं असतं, दारात खुर्ची टाकली असती. हे बोलायची संधी मला का दिली नाही, ते सरांनी समोर बसून सांगावं. फोनवर चालणार नाही.