एक जंगल, एक विरजण

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळ्यांचं मिळून एकच विरजण होतं.

जंगलाच्या मधोमध समाईक स्वयंपाकघर होतं. तिथे शिंक्यावर एक मडकं टांगलेलं असे. ज्याला दही लावायचं असेल त्याने त्यातलं चमचाभर विरजण न्यावं. अस्वलआबांची कढी त्याच विरजणावर आणि माकडमावशीचं ताकही त्याच विरजणावर.

संगणकावर प्रोग्राम लिहिणारी मोठी माणसंसुद्धा असंच करतात बरं का. ढीगभर प्रोग्राम एकाच विरजणावर चालवतात. त्या विरजणाला ती लायब्ररी म्हणतात. तिथे पुस्तकं नसतात. शांतता तर मुळीच नसते.

तर, चारू नावाची एक खार दूरच्या जंगलात शिकून परत आली. समाईक मडकं पाहून तिचे डोळेच भरून आले.

"केवढा हा एकोपा!" ती म्हणाली. आणि तिने लगेच एक पाटी रंगवून टांगली : 'एक जंगल, एक विरजण'.

"पाटी झकास आहे हो," अस्वलआबा म्हणाले. "फक्त जरा डावीकडे सरकव. कढी ढवळताना कोपराला लागते."

वाघीणबाईंच्या बछड्याचं बारसं जवळ आलं होतं. चारूने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "श्रीखंड माझ्याकडे!" शिकून आलेल्या खारीचा हा पहिलाच स्वयंपाक. बिघडला तर जंगल जन्मभर चिडवणार. शिवाय वाघीणबाई उपाशी राहणार. उपाशी वाघीणबाई काय करतात, हे तुम्हाला सांगायला नकोच.

स्वयंपाकघरात राघू नावाचा एक पोपट होता. त्याने प्रत्येकाची कृती मोठ्याने वाचायची, जिन्नस हजर आहेत का बघायचं आणि मगच चूल पेटवू द्यायची, असा नियम होता. चारूची कृती वाचून त्याने पंख फडफडवले.

"विरजण दोन सापडलं नाही! चूल बंद!"

"अरे, समोर मडकं लटकतंय की!"

"ते विरजण एक. इथे लिहिलंय विरजण दोन. सापडलं नाही! सापडलं नाही!"

चारू हसली. विरजण दोन तिच्या सामानातच होतं, दूरच्या जंगलातून जपून आणलेलं. तिने जुनं विरजण काढून बाजूला ठेवलं आणि मडक्यात नवं भरलं. राघू गप्प झाला. चक्का असा घट्ट बांधला गेला की चारू शेपटीवर उभी राहून नाचली.

तेवढ्यात चुलीजवळून आबांची हाक आली. "चारू, ही कढी म्हणायची की खडीचा रस्ता?"

कढी फुटली होती. माकडमावशीचं ताक तर दोरीसारखं ताणलं जात होतं आणि तिची पोरं त्याला लोंबकळून झोके घेत होती.

"बाई गं, आता ताक वाटीत वाढू की झाडाला बांधू?" मावशी कडाडली.

चारूच्या उत्साहावर विरजण पडलं. तेही क्रमांक दोनचं. लोंबकळणाऱ्या पोरांनी तिचा चक्का कधीच फस्त केला होता. तिने मुकाट्याने जुनं विरजण मडक्यात परत भरलं. कढी जमली, ताक पातळ झालं आणि राघू ओरडला, "सापडलं नाही!"

बारसं उद्यावर आलं होतं. चारूला एक युक्ती सुचली. तिने जुन्याच मडक्याला हळदकुंकू लावलं, शिंक्याला पाळण्यासारखा झोका दिला आणि मडक्याच्या काठाशी तोंड नेऊन म्हटलं, "कुर्रर्र! आजपासून तुझं नाव विरजण दोन."

"विरजण दोन सापडलं!" राघू आनंदाने म्हणाला. "पेटवा चूल!"

आता मात्र चारूने दही फडक्यात बांधलं आणि ते सगळंच्या सगळं खालच्या बादलीत गळून गेलं. फडक्यात उरला नुसता ओलावा.

तेवढ्यात वाघीणबाई बछड्याला घेऊन डोकावल्या. चारूने बादलीवर शेपूट पसरली.

"बाळाचं नाव काय ठेवणार?" तिने घाईघाईने विचारलं.

"डरकाळसिंह! त्याच्या आजोबांचं नाव. डरकाळी फोडली की डोंगर हलायचा."

"म्यांव," डरकाळसिंह म्हणाला.

चारूने बछड्याकडे पाहिलं. मग मडक्याकडे पाहिलं. आणि ती धावतच निघाली.

तिने एक लहानसं मडकं आणलं, त्यात उरलेलं नवं विरजण घातलं आणि ते चुलीमागे लपवलं. मोठ्या मडक्याचं हळदकुंकू पुसून टाकलं. मग राघूला म्हणाली, "माझी कृती असेल तेव्हा आधी चुलीमागे बघ. तिथे नसेल तरच शिंक्यावर बघ."

"असं आधी नाही का सांगायचं?" राघू म्हणाला. "मी सांगाल तिथे बघतो. डोकं चालवणं माझ्या कामात बसत नाही."

बारशाला श्रीखंड झालं, कढीही झाली. वाघीणबाईंनी वाटी चाटून लख्ख केली. त्या दिवशी जंगलात कोणीही कोणाला खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा कान खाजवत आले. "चारू, ते चुलीमागचं मडकं आम्हालाही जमेल का गं?"

मग आबांचं मडकं वेगळं झालं. मावशीचं वेगळं झालं. पुढे दूध वेगळं, पाणी वेगळं, चूलही वेगळी. मावशीने तर स्वतःचा पोपट ठेवला. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, पण भांडणही उरलं नाही.

शिंक्यावरचं मोठं मडकं मात्र अजून तिथेच आहे. येता-जाता सगळे त्याला नमस्कार करतात. झाकण कोणी उघडत नाही. पाहुणे आले की चारू त्यांना पाटीखाली उभं करते आणि भरल्या गळ्याने सांगते, "बघा, आमच्यात केवढा एकोपा आहे!"

आणि गंमत म्हणजे, तो खरोखरच असतो.

तात्पर्य : एकत्र नांदायचं असेल तर प्रत्येकाने वेळीच आपापली चूल वेगळी मांडावी. पाटी मात्र सगळ्यांनी मिळून एकच लावावी.