कादरमामूंनी एकदाच विचारलेला पिन

एटीएमच्या केबिनमध्ये छत्री उघडून उभा राहिलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? आमच्या तीर्थपुरीत दर महिन्याला दिसायचा. बाहेर रखरखीत ऊन, आत डोक्यावर पक्कं छत, आणि तरीही भलीमोठी काळी छत्री उघडून, मशीनकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून कादरमामू उभे. छत्रीच्या आडोशाला माझी माय. ती चार आकडे दाबायची आणि तिचं दाबून होईपर्यंत मामू मोठमोठ्याने खाकरत राहायचे. खाकरायचं कशासाठी? तर बटणांचा आवाजसुद्धा आपल्या कानावर पडू नये म्हणून. "आवाजावरून बी आकडा कळतो बेटा," ते मला म्हणाले होते. "आपला कान लई तेज आहे."

बाहेर रांगेत ताटकळणारे ओरडायचे, "मामू, आत पाऊस पडून राह्यला का?"

"पडून राह्यला. तू बाहेरच थांब, भिजशील," मामू आतून सांगायचे.

मामूंचं दुकान आमच्या घरासमोरच. कुकर, गॅसच्या शेगड्या आणि छत्र्या दुरुस्त करायचं. माझे वडील मी दहावीत असताना गेले. तेव्हापासून आमच्या घरातला बल्ब बदलण्यापासून माझ्या नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे मामू सोबत आले. मायला ते आक्का म्हणतात, ती त्यांना कादरभाऊ म्हणते, म्हणून ते माझे मामू. मुमानी, म्हणजे मामूंची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि एखादा बोकड, एवढाच संसार.

दोन वर्षांपूर्वी मला आयर्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली. बॅग चार दिवसांत भरून झाली, पैशांची सोय लावायला मात्र महिना गेला. मायच्या नावाने खातं होतं, पण ते अंगठ्यावर चालणारं, आणि मायचा अंगठा मशीनला दिसतच नव्हता. जन्मभर कापूस वेचून आणि भाकरी थापून तिच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. सेवा केंद्रातल्या पोराने दहाही बोटं लावून पाहिली, ओली करून पाहिली, पुसून पाहिली. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मशीनच्या हिशोबानं नाहीतच."

मग मी ठरवलं की माझंच खातं आणि माझंच कार्ड गावी ठेवायचं. मी तिकडून पैसे पाठवीन, माय इथे काढील. बँकेचे सगळे संदेश माझ्या इथल्या नंबरावर येणार, आणि तो नंबर परदेशात चालू ठेवायचा खर्च मला परवडणारा नव्हता. म्हणून ते सिम गेलं मामूंच्या बटणांच्या फोनमध्ये. कार्ड गेलं मामूंच्या बिस्किटांच्या डब्यात, स्वच्छ रुमालात गुंडाळून. आणि पिन मात्र फक्त मायच्या डोक्यात.

हा शेवटचा नियम माझा नव्हता, मामूंचा होता. मी त्यांना पिन सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "कार्ड माझ्याकडं, नंबर आक्काकडं. दोन्ही एका जागी नको. पैसा अमानत आहे, दुसऱ्याची ठेव, बराबर?" 'बराबर?' हे ते प्रत्येक वाक्यामागे विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायचे नाहीत. मायला वाचता येत नाही, म्हणून मी तिला आकडे जागेवरून शिकवले. ती भाकरी करता करता पाठ करायची, वरचं कोपऱ्यातलं, मग मधलं, मग... एकदा मामू नेमके दारात होते. हा माणूस साठीच्या पुढचा, गुडघे दुखतात म्हणून कायम कुरकुरणारा, पण असा पळाला की थेट चौकात जाऊन थांबला.

बँकेत तो फोन नंबर खात्याला जोडायचा फॉर्म भरायलाही ते माझ्यासोबत आले होते. बाईंनी विचारलं, "हे कोण तुमचे?" मी 'मामा' म्हणणार, तेवढ्यात मामूच म्हणाले, "मी अमानतदार." बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "तसा रकाना नाही." मामूंना फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या बँकेत असा रकाना कसा नाही, हे ते पुढचे आठ दिवस गिऱ्हाइकांना विचारत होते.

आणि तो ओटीपी! मी आयर्लंडहून गावचं लाइटबिल भरायची, मायची औषधं मागवायची, की सहा आकडी नंबर मामूंच्या फोनवर पडायचा. एरवी मामू फोनवर बोलत नाहीत, हाका मारतात. अंतर जास्त तेवढा आवाज जास्त, असा त्यांचा समज. पण ओटीपी सांगायचा म्हटलं की ते आधी गिऱ्हाइकांना बाहेर काढायचे, शटर अर्धं खाली ओढायचे, आणि मग असं कुजबुजायचे की मला फक्त श्वास ऐकू यायचा. "मामू, मोठ्यानं!" मी इकडून ओरडायची. "हळू बोल," ते तिकडून म्हणायचे, "गल्लीत लोकं हैत." तोवर नंबराची मुदत संपायची, दुसरा यायचा, आणि शटर पुन्हा खाली. एका लाइटबिलाला चार-चार ओटीपी लागले आहेत. मी हे किस्से वॉर्डातल्या मैत्रिणींना रंगवून सांगायची आणि त्या पोट धरून हसायच्या. दीड वर्ष हे असं चाललं, आणि एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

इथपर्यंत लिहिताना मजा आली. पुढचं लिहायचं म्हणून हा कागद मी तीन वेळा बाजूला ठेवला आहे.

एका दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत मामूंचा फोन आला. हाक नव्हती, आवाज अगदी साधा होता. "बेटा, तो चार आकड्यांचा नंबर दे."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "पिन? तुम्हाला?"

"हौ. जरा काम आहे."

"काय काम? माय कुठंय? तिला द्या फोन."

"आक्का... झोपलीय. तू नंबर दे ना बेटा. अर्जंट आहे."

मी म्हणाले, "थोड्या वेळानं करते," आणि फोन ठेवला.

खरी गोष्ट अशी होती की मामू तेव्हा जालन्याच्या एका दवाखान्यात उभे होते. मायच्या पोटात सकाळी कळ उठली, ताप चढला, आणि मामूंनी तिला जीप करून तिकडे नेलं. आत तिला सलाईन लावलेलं होतं आणि ती ग्लानीत होती. ऑपरेशन करावं लागेल, आधी पैसे भरा, असं काउंटरवर सांगितलं होतं. पण शुद्धीत होती तोवर मायने मामूंना शपथ घातली होती. "सुरेखाला कळवायचं न्हाई. पोरगी नोकरी सोडून पळत येईल." मामूंनी शपथ पाळली. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

पण ठाऊक नव्हतं म्हणून मी सुटत नाही. मला विचारता आलं असतं. शेजारी चौकशी करता आली असती. त्याऐवजी मी तिथे बसून डोक्यात हिशोब मांडला. दीड वर्ष गोड बोलून विश्वास कमावला, आता खरा रंग दाखवला. वॉर्डातल्या एका मुलीला तिच्या चुलत भावाने असंच बुडवलं होतं, ते आठवलं. आणि मामूंच्या जागी आमच्याच भावकीतला एखादा काका असता, तर माझ्या मनात हे इतक्या लवकर आलं असतं का, हेही लिहिलं पाहिजे. नसतं आलं. मला त्याची लाज वाटते, पण नसतं आलं.

मी मोबाइलवर बँकेचं पान उघडलं आणि कार्ड कायमचं बंद करायचं बटण दाबलं. पानावर आलं, तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे. म्हणजे मामूंच्या फोनवर.

मी त्यांना फोन लावला. "मामू, एक ओटीपी आलाय बघा. लाइटबिलाचा आहे."

मामूंना इंग्रजी आकडे तेवढे येतात, अक्षरं येत नाहीत. तो कशाचा नंबर आहे, हे त्या संदेशातच लिहिलेलं होतं.

"थांब बेटा," ते म्हणाले. "इथं लोकं हैत." मला पावलं ऐकू आली, एक दार लोटल्याचा आवाज आला. मग त्यांनी कुजबुजत सहाही आकडे सांगितले. त्या दिवशी ते स्पष्ट ऐकू आले. तरी त्यांनी विचारलं, "बराबर लिहिलं ना? परत सांगू?" आणि परत सांगितले. मी आकडे टाकले. कार्ड बंद झालं.

"बेटा, तो चार आकड्यांचा..." मामू म्हणत होते. मी फोन कापला. त्या संध्याकाळी आलेले त्यांचे दोन फोनही मी उचलले नाहीत.

सहाव्या दिवशी मायचा फोन आला, घरून, अशक्त आवाजात. "आता सांगते, घाबरू नको. अपेंडिक्स काढलं. कादरभाऊ नसता तर मी गेल्तेच बघ." मी विचारलं, पैसे कुठून आणले? "त्यानं बोकड इकला. बकरीदसाठी वाढवल्ता, येईल त्या भावात दिला. मशीननं तुझं कार्ड घेतलंच न्हाई, खराब झालं म्हनं. कादरभाऊ बँकेत जाऊन आल्ता इचारायला."

बँकेत जाऊन आल्ता, म्हणजे कार्ड कोणी बंद केलं हे त्यांना कळलंच असणार. मी लगेच मामूंना फोन लावला. ते नेहमीसारखे ओरडले, "आक्का एकदम ठीक आहे! तिकडं थंडी आहे का?" कार्डाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. बोकडाचे पैसे मी त्यांच्या खात्यावर पाठवले. ते त्यांनी ठेवून घेतले, तेव्हा मला वाटलं, चला, मिटलं.

चार महिन्यांनी मी सुट्टीवर आले. नवीन कार्ड घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मामूंच्या दुकानात गेले. ते कुकरच्या झाकणाला रबर बसवत होते. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. "मामू, नवीन आलंय. ठेवा."

त्यांनी हात पुसले, पण पुढे केले नाहीत.

"आक्काकडं दे बेटा. दर महिन्याला तिला घेऊन मी जात जाईन, त्याची बिलकुल फिकर करू नको. पण ठेवणार न्हाई मी."

"मामू, त्या दिवशी मी..."

"मालूम आहे. बँकेतल्या सायबानं सांगितलं. म्हणला, तुमच्या पोरीनंच बंद केलं, नंबर टाकून. मी म्हणलं, हौ, नंबर मीच दिल्ता." ते हसले. खरंच हसले.

"तुझी गलती न्हाई," ते म्हणाले. "दुरून आदमीला तसंच दिसतं. माझ्या भावाला बी दिसलं होतं. अकरा वर्षं रियाधला होता. सगळा पैसा माझ्या हातानं आला. त्याचं घर मी उभं केलं, एक एक वीट. कोणीतरी त्याच्या कानात भरलं, आणि तो म्हणला, तू खाल्ला. पलीकडच्या गल्लीत राहतो तो. ईदला बी बोलत न्हाई."

त्यांनी झाकण उचललं, रबर चाचपलं.

"तवाच ठरवलं होतं, परत कोणाची अमानत धरली तर अशी धरायची की कोणाला बोलायला जागाच राह्यली न्हाई पायजे." झाकण कुकरवर ठेवत ते म्हणाले, "तरी राह्यली."

मी माफी मागितली. रडलेही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, आक्का जेवायची थांबली असंल." मी कार्ड उचलून रस्ता ओलांडला.

मायने ताट वाढलेलं होतं. "दिलं का कादरभाऊकडं?"

"नाही. तुझ्याकडेच ठेव म्हणाले."

"असं का बरं?" माय म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "वय झालं बिचाऱ्याचं. जबाबदारी नको वाटत असंल आता."

मी म्हणाले, "हो, तसंच असेल."