दहाव्या ओळीतलं गाणं

रेडिओ केंद्रांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात उपसंपादकांना सगळे 'यादीवाले' म्हणत. केंद्राकेंद्रांना फोन करायचा, कोणती गाणी सर्वात जास्त वाजली ते विचारायचं आणि पहिल्या दहांची यादी छापायची, हे त्यांचं काम. "माझ्या यादीत चूक सापडायची नाही," हे वाक्य ते चहा मागवावा इतक्या सहज म्हणत. संपादक निवृत्त व्हायला निघाले होते आणि ती खुर्ची आपलीच, याबद्दल यादीवाल्यांना तिळमात्र शंका नव्हती. खुर्चीवर टाकायची उशीसुद्धा त्यांनी बायकोकडून शिवून घेतली होती.

इकडे मालकीणबाई साप्ताहिकाचा इतिहास लिहायला बसल्या होत्या. वडिलांनी एका घडीच्या कागदावर सुरू केलेलं हे पत्र आज प्रत्येक केंद्राच्या टेबलावर कसं पडलेलं असतं, आणि ते केवळ यादीच्या अचूकतेमुळे, असा एकूण सूर होता. वर्धापनदिनाच्या अंकात हा इतिहास येणार होता आणि नव्या संपादकांचं नावही.

नेमकी इथेच माशी शिंकली. अंक छपाईला जाताना एकच गाणं यादीत दोनदा आल्याचं लक्षात आलं आणि दहावी ओळ रिकामी झाली. "तूर्त काहीतरी टाका, मग बदलू," पानं लावणारा म्हणाला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, मी बाहेर आहे. निघताना गॅस बंद केलात का?"

 यादीवाल्यांच्या डोक्यात दुसरं काही येईना, म्हणून त्यांनी दहाव्या ओळीत 'गॅस बंद केलास का' असं लिहिलं आणि घराकडे धूम ठोकली. गॅस बंदच होता. ओळ मात्र तशीच छापली गेली.

पुढच्या आठवड्यात ती गुपचूप काढून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पण पुढच्या आठवड्यात एकूणएक केंद्रांनी तेच गाणं कळवलं.

"तुम्ही हे गाणं खरंच वाजवता?" त्यांनी एका केंद्राला चाचरत विचारलं.

"म्हणजे काय, रोज सकाळी. संथ चाल आहे, लोकांना आवडते."

दुसऱ्या केंद्राच्या मते गाणं नाचायला एक नंबर होतं. तेव्हा कुठे यादीवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. केंद्रांवर गाणी कोणी मोजतच नव्हतं. ते मागच्या अंकातली यादी समोर घेत, दोन गाणी वर सरकवत, दोन खाली, आणि फोनवर वाचून दाखवत. आता गाणं वगळायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की खुर्ची गेलीच. बिचारे गाणं छापत राहिले. गाणं सातवं झालं, मग चौथं. एका ध्वनिमुद्रण कंपनीने 'आमचंच लोकप्रिय गीत' अशी पानभर जाहिरात दिली. एका मासिकात 'या गाण्याने आम्हाला विचार करायला लावलं' असा लेखही आला. वर्धापनदिनाच्या तोंडावर गाणं पहिलं आलं.

"मुखपृष्ठावर हेच गाणं घेऊ या," मालकीणबाई म्हणाल्या. "इतिहासाचा शेवटही त्यावरच करते. कर्त्याला शोधून आणा."

 रात्रभर यादीवाल्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. खुर्ची गेली तरी चालेल, पण हे ओझं नको, असं ठरवून सकाळी ते मालकीणबाईंच्या खोलीत शिरले. त्यांना स्वतःचाच थोडा अभिमान वाटत होता.

"बाई, ते गाणं मी रचलंय. माझ्या मनाने. असं गाणं मुळात..."

"तुम्हीसुद्धा?" मालकीणबाईंनी चष्मा काढला. "निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आणि मी तुमचं नाव जाहीर करायला निघाले होते! दुसऱ्याच्या श्रेयावर डोळा ठेवणारा माणूस संपादक कसा करू? जा, बाहेर बाकावर बसा. तिघेजण आधीच बसलेत, त्यांच्यानंतर तुमचं बघते."

यादीवाले बाहेर आले. बाकावर एक जाडजूड गृहस्थ, एक बाई आणि पेटी मांडीवर घेतलेला एक म्हातारा असे तिघे बसले होते. म्हाताऱ्याने आपुलकीने सरकून जागा करून दिली.

"तुमचं काय, चाल की शब्द?" त्याने हळूच विचारलं.

"शब्द," यादीवाले म्हणाले आणि टेकले.