आप्पांची डावी चप्पल

ऐतिहासिक वारसा जपण्याची पहिली अट म्हणजे त्याच्यासमोर उभं राहणं, याबद्दल आता जाणकारांत दुमत उरलेलं नाही. वारसा पाठीमागे असला म्हणजे झालं. तो दिसलाच पाहिजे असं नाही. (देव तरी कुठे दिसतो?) नांदूरघाट परिसराची वारसा दर्शन समिती ही अट इतक्या निष्ठेने पाळते, की स्थापनेपासून तिने काढलेल्या एकाही फोटोत वारसा आढळत नाही. अध्यक्ष विठ्ठलराव आढळतात.

या दृष्टीने सत्यशीलाचे वडील, आप्पा, यांचं काम फारच कच्चं होतं. वीजखात्यात लाइनमन म्हणून गावोगाव फिरताना ते बारवा, वीरगळ आणि निजामाच्या काळातले उर्दू अक्षरांचे मैलाचे दगड यांचे फोटो काढत राहिले. उभी हयात काढत राहिले, आणि एकाही फोटोत स्वतः आले नाहीत. ते वारले तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला फोटो मिळेना. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. त्यात आप्पांच्या गालावर खात्याचा अर्धा शिक्का आहे.

फोटोत आप्पा नसले तरी त्यांची डावी चप्पल असे. दगड केवढा आहे हे पाहणाऱ्याला कळावं म्हणून ते ती पायातून काढून दगडाशेजारी, त्याला न टेकवता, ठेवत आणि तापल्या मुरमावर बगळ्यासारखे एका पायावर उभे राहून फोटो काढत. मोटारसायकलवर मागे बसून आलेल्या छोट्या सत्यशीलाकडे त्यांचं कोपर धरून ठेवण्याचं खातं होतं.

"आप्पा, पट्टी आणत जा ना."

"पट्टी घरी इसरती. चप्पल इसरून कुणी घराबाहेर पडतं का?"

त्यांचा सगळ्यात आवडता वीरगळ नांदूरघाटच्या पुढे एका माळावर होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. यावर खाली गाईंची रांग आणि त्यांच्यासाठी लढणारा माणूस, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि वर तोच माणूस महादेवापुढे निवांत बसलेला. आप्पा त्याच्या सावलीत डबा खात. त्यांच्या अस्थी गोदावरीत गेल्या, कपडे वाटून टाकले, आणि आता आप्पांना भेटायचं तर जायचं कुठे, असा प्रश्न पडला की सत्यशीला त्या दगडापाशी जाऊन बसे. दगड तिथून हलू नये, एवढंच तिला हवं होतं.

अशात समितीने आप्पांचे फोटो मागितले. तिने दिले. समितीने ठराव केला: 'छायाचित्र हाच मूळ नमुना मानण्यात यावा, व प्रत्यक्ष जागेवर जे कमी आढळेल ते भरून काढण्यात यावे.'

पाहणी झाली. प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू कमी आढळली.

समितीने प्रथम चोरीचा संशय घेतला. सर्वत्र डावीच गेलेली असल्याने टोळी संघटित असून तिचा म्होरक्या एका पायाने अधू असावा, असं मत नोंदवण्यात आलं. (जवळपासच्या गावांत दोन लंगड्यांची विचारपूस झाली; दोघेही डाव्या पायाने लंगडे, म्हणजे डाव्या चपलेचा उपयोगच नसलेले निघाल्याने सन्मानाने सोडण्यात आले.) त्यानंतर सल्लागार इतिहासतज्ज्ञांनी हा विस्मृतीत गेलेला 'वामपादुका पंथ' असल्याचं सिद्ध केलं. पुरावा म्हणून त्यांनी आप्पांचेच फोटो जोडले.

सत्यशीला समितीपुढे गेली. "ती आप्पांची चप्पल आहे," ती म्हणाली. "मापासाठी ठेवायचे."

विठ्ठलराव विचारात पडले. "म्हंजे दगड केवढा हाय ते कळावं म्हून?"

"हो."

"मंग चप्पल केवढी हाय ते कळावं म्हून काय ठिवलतं?"

सत्यशीलाने फोटोतल्या दगडावर बोट ठेवलं.

"बगा," विठ्ठलराव इतरांकडे वळून म्हणाले, "चपलेचं माप कळावं म्हून दगड ठिवलाय. जुनी मान्सं लई हुशार."

हे तर्काला धरून होतं. दगड दर फोटोत निराळा. चप्पल तेवढी तीच. जे बदलत नाही तोच वारसा.

मग वीरगळाच्या त्या माळावर सिमेंटची भव्य डावी चप्पल उभारायचं ठरलं. समिती अख्खीच्या अख्खी तिच्यापुढे उभी राहूनही वर अंगठा दिसला पाहिजे, एवढी उंच. पायाभरणीला मूळ चप्पल हवी होती, म्हणून समिती सत्यशीलाच्या दारात आली.

दारात आप्पांच्या चपला होत्या. तेराव्याला माणसाची छत्री, अंथरूण आणि चपला दान देतात. तिने छत्री दिली, अंथरूण दिलं. चपला उंबऱ्याशी तशाच राहिल्या, एक जरा तिरकी, आत्ता काढून आत गेल्यासारखी.

"ताई, नुस्ती डावी द्या," विठ्ठलराव म्हणाले. "उजवी ऱ्हाऊ द्या तुमाला. आमी काय लुटाय न्हाई आलो."

तिने डावी चप्पल उचलली. मग म्हणाली, "देते. पण दगड जागचा हलवायचा नाही."

"दगडाला कावून हात लावू? शबुद दिला."

ठरावात तसं लिहिण्यात आलं: 'दगड जागेवर दिसेल.' तिने डावी चप्पल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

उद्घाटनाच्या दिवशी ती माळावर गेली. सिमेंटची चप्पल उभी होती, तिला पिवळा रंग होता आणि अंगठ्यावर दिव्यांची माळ. टाचेत आत जायला दार, दाराशी पाटी: 'कृपया चपला बाहेर काढून आत यावे.' आत काँक्रीट. वीरगळ नव्हता. त्या जागी वीरगळाचा फ्लेक्स होता, मूळ दगडाच्या तिप्पट.

"दगड कुठंय?"

"त्यो काय. जागेवरच हाय की! आधी इतका साफ दिसत होता का?" विठ्ठलराव मनापासून आश्चर्यचकित झाले होते. "खरा लई मधी यायलता ओ. फोटूत आमच्यातली दोन मान्सं कटायलती."

खरा दगड कुठे टाकला, हे जेसीबीवाल्याला आठवत नव्हतं. सत्यशीला महिनाभर नाले आणि बांध धुंडाळत हिंडली.

सापडला तो मेंढ्यांच्या वाड्यात. मेंढ्यांच्या मालकिणीने, चतुराबाईने, तो नाल्यातून भावांकडून ओढून आणवला होता आणि वाड्याच्या मधोमध उभा केला होता. एक मेंढी महादेवाच्या बाजूला पाठ घासत होती. खालच्या गाई लोकरीच्या मेणाने चकाकत होत्या.

"तुमचा हाय का?" चतुराबाईने संशयाने विचारलं. "न्यायला आलाव? मी न्हाई देनार. मेंढ्यायला खाज लई."

"न्यायला नाही आले."

"मंग बसा."

सत्यशीला बसली नाही. आप्पांच्या सवयीने तिने आपली डावी चप्पल काढली, दगडाशेजारी, न टेकवता ठेवली, आणि एका पायावर उभी राहून मोबाइल वर केला.

"आगं माय! फोटू न्हाई काढायचा!" चतुराबाई काठी घेऊन मध्ये आली. "फोटू गेला की मान्सं येत्यात. मान्सं आली की मिशीन येतं. मंग माज्या मेंढ्या कशाला घासतील, तुमच्या फोटूला?"

सत्यशीलाने मोबाइल पिशवीत ठेवला. पाय मात्र खाली टेकला नाही. जमीन तापलेली होती. तोल जायला लागला तेव्हा चतुराबाईने काही न विचारता तिचं कोपर धरलं.

समितीचं काम जोमात चालू आहे आणि चपलेला गर्दी वाढते आहे. अस्सल वीरगळ असलेला तो मेंढवाडा कुठल्या गावाच्या शिवारात आहे, हे सांगायला या कथेची काहीच हरकत नव्हती. वाटही अवघड नाही, आणि दुपारी उजेड तर फार सुंदर पडतो. पण नाव यायच्या आतच तुमचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.