देवजी तांडेलांचं हब कव्हर

जगातली कोणतीही वस्तू हरवत नाही. ती फक्त दुसऱ्या कामाला लागते. हे तत्त्व शास्त्रज्ञांनी कधी सिद्ध केलं ते मला ठाऊक नाही, पण डहाणू-तलासरी पट्ट्यात ते कोंबड्यांनाही पाठ आहे. (कोंबड्यांचा संबंध पुढे येईल.)

या तत्त्वाला आमच्याकडे एक जोडनियम आहे. मागणाऱ्याला 'नाही' म्हणायचं नाही, कारण ते उद्धट दिसतं. त्याऐवजी पुढच्या गावाचं नाव सांगायचं. त्यात मागणाऱ्याचा मान राहतो, सांगणाऱ्याचा चहा निवत नाही आणि सरकारने बांधलेले रस्ते वापरात राहतात. डहाणू स्टेशनजवळ जतीनचं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यासमोरच्या बाकावर मी निवृत्त झाल्यापासून रोज बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विनामूल्य सल्ला देतो. त्यामुळे या व्यवस्थेची मला आतून माहिती आहे.

एका सोमवारी धाकटी डहाणूचा धनेश दुकानात आला. त्याला वडिलांच्या जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचं हब कव्हर हवं होतं. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: चाकाच्या मध्यभागी, ब्रेकच्या उलट्या बाजूला, न्याहारीच्या ताटलीएवढी एक चकचकीत झाकणी असते. तीन स्क्रूंवर बसते. तिच्यावाचून गाडी चालते, थांबते, वळते. थोडक्यात, तिची गरज कोणालाच नसते. गरज होती ती देवजी तांडेलांना.

देवजी तांडेल म्हणजे धनेशचे वडील. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्याने म्हटलं तरच होडी पाण्यात जाते. देवजींचा नियम असा, की निघण्याआधी होडीच्या पुढच्या फळीवर बोटाच्या पेरांनी ठोकायचं. आवाज भरीव आला तर समुद्र, नाहीतर घर. पापलेटाच्या एका चांगल्या हंगामात मोटरसायकल घेतली तेव्हा हाच नियम त्यांनी तिलाही लावला. बसण्याआधी वाकायचं आणि हब कव्हरवर टिचकी मारायची. 'टण्ण' वाजलं की निघायचं. या पद्धतीमुळे त्यांची होडी कधी बुडाली नाही आणि मोटरसायकल कधी वेळेवर निघाली नाही.

पुढे कंपनीने ते मॉडेल बंद केलं, खाऱ्या वाऱ्याने स्क्रू खाल्ले आणि गेल्या शिमग्याच्या सुमारास कव्हर वाटेत कुठेतरी गळून पडलं. तांडेल तोवर गाडीवर बसेनासे झाले होते, म्हणून तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. पण तांडेलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी उशीर केलात तर पुढे दिसण्याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. येत्या रविवारी तलासरीला डोळ्यांचं शिबिर होतं. नाव घातलं होतं. तांडेल तयार होऊन अंगणात आले, वाकले, टिचकी मारायला बोट पुढे केलं आणि ते उघड्या चाकात गेलं.

"गाडी पुरी नाय, तर मी नाय," ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

घरच्यांनी रिक्षा आणून दारात उभी केली. तांडेलांनी तिच्यावर टिचकी मारली. 'फट्' असा आवाज आला. रिक्षा परत गेली.

हे सगळं शिबिराच्या आधीच्या रविवारी, सरावाच्या फेरीला घडलं म्हणून बरं. धनेशला आठवडा मिळाला. तो रडवेला झाला होता. बापाचे डोळे एका झाकणीपायी जाणार, असं तो म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

जतीनने मात्र एका क्षणात धीर दिला. "मिळेल ने! टेन्शन कशाला घेतो? डहाणूत हा माल कोण ठेवत नाय. तलासरीला भाविकच्या गॅरेजात जा ने, माझं नाव सांग."

"नक्की मिळेल," मी बाकावरून दुजोरा दिला.

(आमच्या बाकाच्या पाहणीनुसार, हब कव्हरबद्दल विचारलं असता शंभरांतले नव्वद जण 'मिळेल' म्हणतात आणि उरलेले दहा 'नक्की मिळेल' म्हणतात. एखाद्या वस्तूच्या उपलब्धतेबाबत इतकं एकमत देशात इतरत्र आढळत नाही.)

धनेश तलासरीला गेला. भाविक म्हणाला, "जतीनभाईने पाठवलं? मग तर मिळालंच समज. अच्छाडला जा, नाक्यापुढे ट्रकवाल्यांचा जुना माल असतो." धनेश अच्छाडला गेला. तिथल्या टायरवाल्याने त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि आपुलकीने सांगितलं, की असली जुनी वस्तू या भागात एकाच माणसाकडे मिळते, डहाणू स्टेशनजवळच्या जतीनकडे. धनेश जतीनकडे आला. एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं जतीनच्या जिवावर आलं. त्याने त्याला पुन्हा तलासरीला पाठवलं.

आता निंदक म्हणतील की यात धनेशचे दिवस फुकट गेले. तसं नाही. या फेऱ्यांतच त्याला हब कव्हर दिसलं. एक नव्हे, अनेक दिसली.

पहिलं उधव्याच्या रस्त्याला, बारकी मावशीच्या अंगणात. कोंबड्या त्यात पाणी पीत होत्या. धनेशने थांबून हात जोडले आणि सांगितलं, "मावशी, हे गाडीचं कव्हर आहे. मला द्या, बदल्यात नवीन भांडं आणतो."

बारकी मावशीने कव्हराकडे पाहिलं, मग अंगणभर पाहिलं. "गाडी कुठं हाय मंग?"

"गाडी नाही, पण कव्हर गाडीचं आहे."

"गाडी नाय तं गाडीचा कसा? ह्यो कोंबड्यांचा हाय. तुला गाडीचा पायजे तं अच्छाडला बघ, बाबा. तिथं मिळंल."

या युक्तिवादात मला आजतागायत खोट सापडलेली नाही. दुसरं कव्हर अच्छाडच्या ढाब्यावर चटणीच्या पातेल्यावर होतं. ते धनेशने मागितलं तेव्हा मालकाने त्याला जास्तीची चटणी वाढली. तिसरं आगर गावात, चिमण नावाच्या ताडीवाल्याच्या मडक्यावर, माश्या जाऊ नयेत म्हणून. चिमणने ते उचलून दाखवलं, उलटं करून दाखवलं, आतला कंपनीचा शिक्काही दाखवला आणि खेदाने म्हणाला, "तुझं कव्हर अगदी असंच दिसत असंल. पण हे झाकण हाय रे."

कोणी खोटं बोललं नाही, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. सगळ्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. तांडेलांच्या डोळ्यांसाठी बारकी मावशी देवाला नवससुद्धा बोलली. (कोंबडीचाच.)

शेवटी धनेशच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, किंजलने, मोबाइलवर शोधलं. तिथे अगदी तेच कव्हर निघालं. मधोमध काटे बसवून त्याचं घड्याळ केलं होतं. 'जुन्या काळाचा स्पर्श, आपल्या दिवाणखान्यासाठी', असं खाली लिहिलं होतं. माल संपला होता. ज्यांच्याकडे मोटरसायकल नव्हती त्यांनी सगळा उचलला होता. किंजलने चौकशी केली तेव्हा उत्तर आलं की लवकरच उपलब्ध होईल. म्हणजे मोबाइललाही 'नाही' म्हणता येत नाही. तोही आमच्याकडचाच निघाला.

शनिवारी संध्याकाळी धनेश घरी येऊन नुसता बसून राहिला. तेव्हा त्याची आई, चंद्रावती, उठली. तिने मांडणीवरच्या सगळ्या स्टीलच्या ताटल्या खाली काढल्या आणि डोळे मिटून एकेकीवर टिचकी मारायला सुरुवात केली. टिक्. ठण्. टिंग्. खण्. माजघरात तांडेल झोपले होते म्हणून ती पदराखाली धरून वाजवत होती. एका ताटलीशी ती थांबली. तीच पुन्हा वाजवली. टण्ण. मग ती ताटली मांडीवर ठेवून रडली.

ती तिच्या लग्नातली ताटली होती. रविवारी पहाटे वेल्डरने तिला तीन भोकं पाडून ती चाकावर बसवली. तांडेल बाहेर आले, वाकले आणि टिचकी मारली.

टण्ण.

"गावली?" ते म्हणाले.

"गावली, बाबा," धनेश म्हणाला.

"कुठं?"

"तलासरीला."

तांडेल मागे बसले आणि गाडी निघाली. शिबिरात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. एका वेळी एकच डोळा करतात. डावा पुढच्या महिन्यात करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि तांडेल घरी आले. उतरल्यावर त्यांनी आधी खाडी पाहिली, मग नातीला पाहिलं, मग गाडीपाशी उकिडवे बसून पुढचं चाक पाहिलं. त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलं होतं: 'चंद्रावतीच्या लग्नात रूपी आत्याकडून सप्रेम भेट'.

तांडेलांनी ते वाचलं, टिचकी मारली, पुन्हा वाचलं.

"तुझ्या आत्याची ताटली," ते बायकोला म्हणाले.

"हो."

"आवाज बरोबर हाय. तुला कसा म्हायती?"

"रोज ऐकायची ना," चंद्रावती म्हणाली. "टण्ण झालं की समजायचं, तुम्ही गेलात. मग तुम्ही परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा."

तांडेलांचा नवा डोळा भरून आला. डॉक्टरांनी रडायची मनाई केली होती, म्हणून चंद्रावतीने त्यांना घरात नेलं. माझ्या मते ही कथा इथेच संपायला हरकत नव्हती. पण जेवून उठल्यावर तांडेलांनी हात धुतले आणि जाहीर केलं, की ताटली काढून घासून मांडणीवर ठेवा, लग्नातली वस्तू चिखलात फिरवायची नसते. आणि गाडी पुरी नसल्यामुळे डाव्या डोळ्याला ते जाणार नाहीत. आता एका डोळ्याने दिसतं, तेव्हा फसवायचा विचार कोणी करू नये.

धनेश परत जतीनच्या दुकानात आला. जतीन म्हणाला, "मिळेल ने." मला या वेळी राहवलं नाही, म्हणून मी स्वतः घर धुंडाळलं. माझ्या माठावर एक गोल, चकचकीत वस्तू आहे, कडेला तीन भोकंही आहेत. पण ते झाकण आहे. बाकी काही सापडलं नाही.

म्हणून हा मजकूर लिहिला. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि तुम्ही इथवर हसत आला आहात. आता जरा उठा. तुळशीच्या कुंडीखाली पाणी साठायला काय ठेवलंय, ते बघा. गच्चीत पाखरांसाठी काय ठेवलंय, ते बघा. दिवाणखान्यातलं ते कौतुकाचं घड्याळ भिंतीवरून उतरवा आणि मागची तीन भोकं मोजा. मोजलीत? मग ते परत भिंतीवर टांगा, कारण ते घड्याळ आहे. आणि धनेश तुमच्या दारी आलाच, तर त्याला काय सांगायचं ते मी तुम्हाला शिकवायला नको. फक्त पत्ता समजावत बसू नका. तलासरीचा रस्ता त्याला पाठ आहे.