पश्चात्ताप, किमान शंभर शब्दांत

गुन्हेगाराला सुधारण्याची सोय प्रत्येक सुव्यवस्थित समाज करतो. निर्दोष माणसाची तशी सोय करता येत नाही, कारण त्याच्यात सुधारायला जागाच नसते. हा दोष त्याचा आहे, समाजाचा नव्हे, आणि आमच्या गावच्या विठूकाकांनी तो सोळा वर्षं मोठ्या हट्टाने जपला आहे.

विठूकाका रावजींच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगतायत. चौदा वर्षं भरली की कैद्याला मुदतपूर्व सुटकेचा अर्ज करता येतो. अर्ज उत्तम आहे. चार पानी, दोन्ही बाजूंनी छापलेला. नाव, गाव, वय, अंगावरची खूण, सगळं सरळ जातं. माणूस अडतो तो रकाना अकराला : 'केलेल्या कृत्याबद्दल पश्चात्ताप (किमान शंभर शब्दांत).' विठूकाकांनी तिथे लिहिलं, 'मी नाय केला.' समितीने शब्द मोजले. तीन भरले. सबब, सत्त्याण्णव शब्दांच्या तुटीमुळे अर्ज परत.

आता रावजींविषयी. माणूस मेहनती. त्यांच्या जमिनीचे तुकडे गावभर विखुरलेले, आणि प्रत्येक तुकड्याला गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली हद्दीची भिंत. दर पावसाळ्याआधी रावजी प्रत्येक गडगा वीतभर शेजाऱ्याकडे सरकवत. हाताने, एकेक दगड उचलून, साठीच्या वयात. गावात त्यांचं घर सोडून चाळीस घरं. त्यातल्या एकोणचाळीस घरांशी त्यांचा हद्दीचा वाद होता (एक आमचं, आमचा वाद तीन फुटांचा, म्हणजे किरकोळच). चाळिसावं घर विठूकाकांचं. त्यांची जमीन रावजींच्या कुठल्याच तुकड्याला लागत नव्हती.

मे महिन्यात एका तिन्हीसांजेला रावजी गडग्यापाशी ओरडले. त्याच गडग्यातला दगड कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातला होता. एकोणचाळीस घरांची दारं पटापट लागली (आमचं बाबांनी लावलं, मे महिन्यातला गारठा त्यांना सोसत नाही). विठूकाका तेवढे धावले. रावजींना पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आले. गाडी मिळेपर्यंत रावजी गेले, आणि त्यांचं रक्त विठूकाकांच्या सदऱ्यावर राहिलं.

तपासाचा तर्क स्वच्छ होता. ज्यांना कारण होतं, त्यातलं कोणी तिथे नव्हतं. ज्याला कारण नव्हतं, तो तिथे होता. म्हणजे त्याने कारण लपवलं. आणि इतकं बेमालूम लपवणारा माणूस साधा नसतो. पुढे अकरा साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की, दार बंद करून बसल्यामुळे त्यांना विठू अगदी स्पष्ट दिसला.

विठूकाकांच्या बराकीत एक दुहेरी खुनी होता. त्याचा पश्चात्ताप दोनशे चाळीस शब्दांचा, शेवटच्या ओळीत आई. वाचताना समितीतल्या एका बाईंना चष्मा पुसावा लागला. तो सुटला. जाताना सांगून गेला, "काका, केलंय की नाही हा मुद्दाच नाही. अक्षर सुवाच्य काढा."

पुढच्या वर्षी काकी वारल्या आणि घरात त्यांची मुलगी राही एकटी उरली. तेव्हा विठूकाकांनी मान खाली घालून निकालपत्र पाठ केलं. आपण खून कसा केला, हे कळायला त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. समितीने तोंडी परीक्षा घेतली.

"दगड कोणत्या हाताने मारलास?"

"उजव्या." हे निकालपत्रात होतं. (विठूकाका डावखुरे. हजेरीची सही त्यांनी समितीसमोर डाव्या हाताने केली, पण समिती मोठ्या मनाची, तिने तिकडे पाहिलं नाही.)

"शेवटी रावजी काय म्हणाला?"

हे निकालपत्रात नव्हतं. विठूकाका म्हणाले, "पाणी दे, म्हणाला."

समिती खुर्चीत पुढे सरकली. "मग?"

"दिलं. सडकेवरच्या नळाचं. ओंजळीतना."

शेरा पडला : 'मयतास पाणी पाजल्याचे कैदी मान्य करतो. सदर वर्तन गुन्ह्याशी विसंगत. पश्चात्ताप कच्चा.'

यंदा तिसरा अर्ज. पोलिसांनी गावाचं मत मागवलं : कैदी परत आल्यास हरकत आहे काय? चाकरमानी मुंबईहून आलेले असतात म्हणून शिमग्यात देवळात सभा घेतली. इतिवृत्त माझ्याकडे, कारण माझं अक्षर सुवाच्य आहे.

अध्यक्ष दादूआजोबा म्हणाले, "येवदे की. आमची कसली हरकत? केलान, भोगलान, संपला."

राही उठली. एकोणीस वर्षांची आहे, रत्नागिरीला नर्सिंग शिकते. बाप तुरुंगात गेला तेव्हा तीन वर्षांची होती.

"आजोबा, बाबांनी केला नाय, असं लिवा."

"अगो, तसा लिवला तर मग केलान कोणी, असा नाय का इचारणार?"

"इचारूदे."

एकोणचाळीस कुटुंबप्रमुखांनी आपापल्या पायाच्या अंगठ्यांची बारकाईने पाहणी केली. मुंबईच्या एकाने परतीच्या गाडीची वेळ विचारली. ती कोणालाच ठाऊक नव्हती, तरी सगळ्यांनी सांगितली.

"हे बघ पोरी," दादूआजोबा अगदी मायेने म्हणाले, "दोषी म्हणून आला तर ढोल लावून आणू. निर्दोष म्हणून आला तर अख्ख्या गावाला ताप."

'ठराव क्रमांक चार : विठू यांच्या परत येण्यास गावाची हरकत नाही, मात्र ते दोषी असावेत. सूचक : अध्यक्ष. अनुमोदक : उरलेले सर्व.' सह्या एकोणचाळीस. राहीने सही केली नाही. ती दुसऱ्या दिवशी भेटीला गेली.

"बाबा, लिवा एकदाचे शंभर शब्द नि घरी या. मला ठाव हाय ना, तुम्ही काय केलं नाय ते."

जाळीपलीकडून विठूकाका म्हणाले, "तुला ठाव हाय गो. पन तुझ्या पोरांना कागदच वाचायला मिळंल."

मग त्यांनी रकाना अकरा भरला. 'मी नाय केला' तेहेतीस वेळा, सुवाच्य अक्षरात. नव्याण्णव शब्द झाले. शंभरावा लिहिला, 'पाणी'. शब्दसंख्या पूर्ण असल्याने अर्ज परत करता येत नाही. पश्चात्ताप नसल्याने मंजूर करता येत नाही. शंभराव्या शब्दाबाबत खुलासा मागवण्यात आला आहे. राही दर महिन्याला कार्यालयात जाऊन विचारते. तिला बसायला बाक देतात.

वाचकहो, मघापासून तुमच्या मनात एक प्रश्न आहे, आणि तो 'विठूकाका कधी सुटणार' हा नाही. 'मग केला कोणी' हा आहे. लाजू नका, आमच्या गावाचं हेच भाकीत होतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी उत्तरही काढलेलं आहे : हे लिहिणाऱ्याचा बाप. पुरावा काय, तर तीन फूट जमीन आणि एक लावलेलं दार, दोन्ही कंसातलं. अभिनंदन. तपासाला ह्याच कामासाठी अकरा साक्षीदार लागले होते. तुम्हाला एकही लागला नाही.

ठरावाच्या वहीत चाळिसाव्या सहीची जागा राहीने रिकामी ठेवली आहे. तुम्हाला पेन मी देतो.